तिसऱ्या पाळीची भुतं

भूत पाहिलेला माणूस सहसा भेटत नाही. भूत पाहिलेल्याला ओळखणारा मात्र हटकून भेटतो. लोअर परळ, वरळी, लालबाग, काळाचौकी या मुंबईतल्या गिरणगावच्या पट्ट्यातल्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत हा अनुभव फार लवकर येतो. जिथं एकेकाळी ब्लो रूम, कार्डिंग, रिंग आणि लूम खाती होती, तिथं आज जाहिरात कंपन्या, स्टुडिओ, उपाहारगृहं, व्यायामशाळा आणि मॉल आहेत. दिवसा इथं भुताला पाय ठेवायला जागा नाही. शेवटचं गिऱ्हाईक निघून गेलं, पार्किंग रिकामं झालं आणि सुरक्षारक्षकांनी खुर्च्या फाटकाजवळ ओढल्या, की गोष्टी निघतात.

या गोष्टी तपशिलात वेगळ्या असल्या तरी त्यांचे प्रकार तीनच. बंद शेडमधून यंत्रांचा आवाज येतो, हा पहिला. रात्रीच्या पाळीतली बाई जिन्यावर दिसते, हा दुसरा. आणि तिसरा प्रकार कुलाब्याच्या एका पडीक गिरणीचा. त्यात भुतापेक्षा नटनट्याच जास्त आहेत. या तिन्हींचा माग काढायचा असं ठरवलं तेव्हा ‘भूत असतं का’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला. त्याचं उत्तर ज्याचं त्याच्यापाशी तयार असतं आणि ते पुराव्यानं सहसा बदलत नाही. गोष्ट पहिल्यांदा कोणी सांगितली, तेव्हा तो कुठं उभा होता, त्या जागेवर आधी काय होतं आणि गोष्टीत काय सांगायचं राहून गेलंय, हे प्रश्न जास्त कामाचे निघाले. १९८९ साली नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते भानामतीच्या तक्रारी तपासायला जायचे तेही याच वाटेनं. घरातल्या माणसांशी बोलायचं, प्रसंगांचा क्रम लावायचा आणि घाई न करता ऐकून घ्यायचं. छतावर काय आहे हे बघण्याआधी घरात काय चाललंय हे ते बघत.

कोकणातून आलेलं सामान

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. दोनेक वर्षांत ती सुरू झाली. पुढं गिरण्या वाढल्या तसे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या भागांतून लोक आले. ते एकेकटे येत आणि गावकीच्या खोलीत उतरत. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळ्या वेगवेगळ्या. एक जण कामाला गेला की त्याच्याच वळकटीवर दुसरा झोपायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडं. या माणसांनी गावाहून ट्रंकेत काय आणलं याची यादी कुठं नाही, पण गावची भुतं त्यांनी नक्की आणली. मुंजा पिंपळावरचा, वेताळ गावाच्या वेशीवरचा, खवीस, समंध, हडळ, झोटिंग, विहिरीवरच्या आसरा. दक्षिण कोकणातला देवचार तर भूत म्हणावा की देव, याचा निवाडा आजवर झालेला नाही. तो हद्द राखतो, रात्री गावाभोवती फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो आणि मान राखला नाही तर रागावतो.

त्यामुळं गिरणगावातल्या जुन्या गोष्टींतली भुतं नुसती घाबरवणारी नव्हती. साच्यावर, म्हणजे मागावर, कुणाचा हात गेला, पट्ट्यात कुणी ओढला गेला, की त्या जागेला नारळ दिला जाई. अनेक गिरण्यांच्या आवारांत मारुतीचं किंवा देवीचं छोटं देऊळ असे. दसऱ्याला साच्यांना झेंडूच्या माळा चढत. जुन्या कामगारांशी बोलताना हे जाणवतं की अमक्या कोपऱ्यात ‘काहीतरी आहे’ असं म्हणणं ही त्यांची धोक्याची पाटीही होती. त्या कोपऱ्यात पट्टा उघडा असायचा किंवा जमीन तेलकट. नवख्या बदली, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला सुरक्षेचे नियम कोण समजावणार? भूत आहे म्हटलं की तो आपोआप लांब राहायचा.

आता फाटकावर बसणारा बहुधा उत्तर प्रदेशातला, बिहारमधला नाहीतर ओडिशातला असतो. एजन्सीचा गणवेश, बारा तासांची ड्यूटी. त्यानंही आपल्या गावाहून भुतं आणलीत. भोजपुरी मुलखातला पिंपळावरचा ‘बरम’ हा आपल्या मुंजाचा आणि ब्रह्मराक्षसाचा जवळचा नातेवाईक. शेडच्या मागच्या त्याच पिंपळाखालून जाताना आधी मालवणी माणूस पुटपुटत जायचा, आता बिहारमधल्या छपऱ्याचा माणूस हात जोडून जातो. झाड तेच आहे. वस्ती बदलली, भाषा बदलली आणि राखणदाराचं नाव बदललं.

पहिली गोष्ट : बंद शेडमधला खडखडाट

गिरणीची इमारत ही मुळात यंत्रं सांभाळणारी मोठी पेटी होती, हे आज तिच्या आत बसून कॉफी पिणाऱ्याला जाणवत नाही. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, त्याच्या उत्तरेकडच्या उभ्या बाजूला काचा; म्हणजे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळे. बिडाचे खांब, सागाच्या नाहीतर लोखंडी तुळया, वर पत्रे. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून आत मुद्दाम दमटपणा राखलेला. त्यासाठी काही खात्यांत जमिनीखालून हवेचे चर काढलेले असत. नूतनीकरणात हे चर बुजवले जातात किंवा त्यांवर लाद्या बसतात. ‘खाली ब्रिटिशांचा बोगदा आहे’ ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक जुन्या गिरणीत ऐकू येते, तिचं मूळ बहुधा या चरांत आहे.

दिवसभर तापलेला पत्रा आणि लोखंड रात्री आकसतं. आकसताना ठक्, ठक्, मग थोडा वेळ काहीच नाही, पुन्हा ठक्. मुंबईत दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री, विशेषतः हिवाळ्यात, तो जमिनीकडून वाहू लागतो. ज्या फटी दिवसभर गप्प असतात त्या मग शीळ घालतात. त्यात गव्हाणी घुबड. पांढराफटक, बदामी आकाराचा चेहरा, उडताना पंखांचा आवाज नाही आणि ओरडणं म्हणजे गळा दाबलेल्या माणसाची किंकाळी. जुन्या पडक्या इमारती ही त्याची आवडती जागा. अंधारात आठ-दहा फुटांवरून असा पांढरा चेहरा निःशब्द सरकत गेला, तर भल्याभल्याची गाळण उडेल.

इथं विज्ञानातल्या एका गाजलेल्या तपासाची आठवण काढायला हवी. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री इथले विक टँडी हे अभियंते एका प्रयोगशाळेत काम करत. तिथं कर्मचाऱ्यांना विनाकारण भीती वाटायची, अंगावर काटा यायचा. एका रात्री टँडींना स्वतःलाच डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात पकडलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना त्यांनी पाहिलं आणि शोध लागला तो हवा बाहेर फेकणाऱ्या नव्या पंख्याचा. त्यातून सेकंदाला सुमारे १९ कंपनांच्या लहरी निघत होत्या. माणसाचा कान साधारण २०च्या पुढं ऐकतो. म्हणजे आवाज ऐकू येत नव्हता, शरीराला मात्र जाणवत होता. पंख्याच्या बसवणीत बदल केल्यावर भूत गेलं. १९९८ साली त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. असल्या लहरींनी सगळीकडच्या भुतांचा निकाल लागतो असं नाही. नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्षही संमिश्र आहेत. पण जुन्या शेडमध्ये मोठाले वातानुकूलन पंखे आणि लांबलचक डक्ट बसवणाऱ्या आपल्या शहरात ही तपासणी आधी करायला हरकत नाही.

बारा तास जागलेल्या माणसाच्या मेंदूचाही हिशोब धरला पाहिजे. अपुऱ्या झोपेत, जागेपण आणि झोप यांच्या सीमेवर, शरीर काही क्षण लाकडासारखं होतं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, खोलीत कुणीतरी आहे याची खात्री पटते. वैद्यकात याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. रात्रपाळीत झोपेचं वेळापत्रक कोलमडलेल्यांना तो जास्त गाठतो.

इतकं असूनही एक आवाज उरतो आणि त्याचा खुलासा मला एका निवृत्त साचेवाल्याकडून मिळाला. लूम खात्यात शेकडो माग एकाच वेळी चालत. शेजारच्याशी बोलायचं तर ओठांवरून समजून घ्यायचं; वर्षानुवर्षं हा आवाज ऐकून कान निकामी होत. गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झाली तरी रात्री शांत झालं की याच्या कानांत माग सुरू होतात. हा कानाच्या नसांना झालेल्या इजेचा परिणाम आहे, कोणताही कानाचा डॉक्टर सांगेल. म्हणजे बंद गिरणीतले माग रात्री खरंच चालतात. फक्त ते शेडमध्ये नसून डिलाईल रोडवरच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, एका म्हाताऱ्याच्या कानांत चालतात.

दुसरी गोष्ट : जिन्यावरची बाई

ही बाई सगळीकडे एकाच रूपात आहे. पांढरी साडी, मोकळे केस, पैंजण. तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या, पाळीत कामावर होती, मुकादमानं छळलं, तिनं जीव दिला किंवा तिला यंत्रात ढकललं. ज्या मजल्यावर ती दिसते तिथं आता एखाद्या नव्या कंपनीचं कार्यालय असतं.

गोष्टीत एकच अडचण आहे. बाई तिसऱ्या पाळीत असायला नको. रात्री बायकांना कामावर ठेवण्यावर १८९१च्या कारखाना कायद्यापासूनच बंधनं आली. १९२२च्या कायद्यानं ती पक्की केली. आणि स्वतंत्र भारतातल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ६६नं संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात बायकांना कारखान्यात काम देण्याला मनाई केली. रात्रीची पाळी मुंबईत जोमानं रुळली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, कापडाची मागणी वाढल्यावर. म्हणजे तिसरी पाळी आली तेव्हा बाई तिथून कायद्यानं बाहेर होती.

मग खऱ्या बायका कुठं होत्या? त्या होत्या दिवसपाळीत, वायंडिंग आणि रीळ खात्यांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गिरणीकामगारांत साधारण पाचांत एक बाई होती. त्यांच्यावर नायकीण असे, तीच नोकरी द्यायची आणि काढायची. पुढं यंत्रं बदलली, ‘रॅशनलायझेशन’ (कमी माणसांत जास्त काम) आलं, बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला आणि मालकांना बायका महाग वाटू लागल्या. पाळ्या लावायच्या तर रात्रीच्या बंदीमुळं बायका गैरसोयीच्या. संरक्षणासाठी केलेला कायदा त्यांना बाहेर काढायचं निमित्त ठरला. १९८२च्या गिरणी संपाच्या वेळेपर्यंत गिरण्यांतलं त्यांचं प्रमाण अगदी नगण्य उरलं होतं.

मुकादमाच्या छळाचा भाग मात्र खोटा म्हणता येणार नाही. जॉबर-मुकादमाच्या हातात भरतीची सत्ता होती, लाच घेतल्याशिवाय बदलीचं कार्डही मिळत नसे आणि बायकांना त्याचा त्रास वेगळा होता. गोष्टीनं हे धरून ठेवलं, बाकीचं सोडून दिलं. रीळ खात्यातून एकेक करून कमी केलेल्या हजारो बायकांची भूतकथा झाली नाही, कारण नोकरी जाण्यात पैंजण वाजत नाहीत.

तिसरी गोष्ट : कुलाब्याची गिरणी

मुंबईतल्या ‘झपाटलेल्या’ जागांच्या कुठल्याही यादीत मुकेश मिल असतेच. कुलाब्यात नारायण सावंत मार्गावर, थेट समुद्राला लागून असलेली ही गिरणी. काळवंडलेल्या दगडी भिंती, छप्पर उडालेलं, आत वडाची मुळं. १९८२च्या सुमारास ती बंद पडली, आगीत होरपळली आणि मग हिंदी चित्रपटसृष्टीनं ती हेरली. १९९१ सालच्या ‘हम’ चित्रपटातलं ‘जुम्मा चुम्मा’ हे गाणं इथलंच.

इथल्या गोष्टी अशा : एका मालिकेच्या चित्रीकरणात एका मुलीचा आवाज अचानक पुरुषी झाला आणि तिनं सगळ्यांना निघून जायला सांगितलं. एका आघाडीच्या नटीनं इथं पुन्हा काम करायला नकार दिला. रात्री चित्रीकरण नको, असं युनिटच म्हणतं. या साऱ्या कथा मांडून पाहिल्या तर एक गोष्ट ठळक दिसते. त्यांत गिरणीचा कामगार एकही नाही. सांगणारे, बघणारे आणि झपाटले जाणारे सगळे चित्रपटाच्या जगातले. गिरणी चालू असतानाच्या एखाद्या अपघाताचा, खात्याचा, माणसाचा धागा त्यांना नाही. भूत आहे ते रिकाम्या इमारतीचं, गिरणीचं नव्हे.

याचं कारण शोधायला लांब जायला नको. ज्या जागी वर्षानुवर्षं खून, मारामाऱ्या आणि भयपट चित्रित होतात, जिथं धुराची यंत्रं लावून निळा उजेड सोडला जातो, तिथं काम करणाऱ्या थकलेल्या माणसांना भीती वाटावी अशीच सगळी योजना असते. शिवाय जागा झपाटलेली आहे ही ख्याती निर्मात्याला प्रसिद्धी म्हणून उपयोगी पडते. मुकेश मिलच्या भुताचा जन्म रातपाळीत झाला खरा, पण ती चित्रीकरणाची रातपाळी.

गोष्टींत जे नाही

तीनही गोष्टींचा माग काढल्यावर हाताला लागतं ते असं : गिरणगावात मृत्यू आणि अन्याय यांची वाण नव्हती, पण भूतकथांनी त्यांतलं फारच थोडं उचललं.

उदाहरणार्थ धोटा. मागाच्या धोट्याच्या भोकातून सुताचा दोरा ओठांनी ओढून घ्यावा लागे. एकाच्या ओठांचा धोटा दुसरा हाती घेणार, म्हणून विणाई खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना सवर्ण कामगार येऊ देत नसत. विणाईची मजुरी चांगली होती. या कामगारांच्या वाट्याला रिंग खात्यातलं कमी पगाराचं काम येई. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला आणि विणाई खातं सर्वांना खुलं झालं पाहिजे ही मागणी लावून धरली. ज्या दारातून जिवंत माणसाला आत येऊ दिलं नाही, त्या दारातून भुतं मात्र खुशाल ये-जा करतात, असं या कथांतून दिसतं.

किंवा छातीतला कापूस. ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये कापसाची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाई. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येणं, दम लागणं ही या विकाराची ओळख. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात. यानं माणसं गिरणीत मेली नाहीत. ती गावी परत गेली आणि तिथं खोकत गेली. मृत्यू गिरणीच्या खात्यावर लागला नाही, त्यामुळं गिरणीत त्यांचं भूतही झालं नाही.

आणि १८ जानेवारी १९८२. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो विरून गेला. गिरण्या बंद पडल्या, माणसं देशोधडीला लागली, मुलांच्या शाळा सुटल्या, काही मुलं टोळ्यांत गेली. मग जमिनीचा प्रश्न आला. ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यात. १९९१च्या विकास नियमावलीत ढोबळमानानं एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी होती. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली. शेड उभ्या असलेल्या जमिनीचा हिस्सा द्यायचं कारण उरलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती ग्राह्य धरली. घरांसाठी अर्ज केलेले गिरणीकामगार आणि वारस दीड लाखाहून अधिक आहेत. घरं मिळाली ती त्यांतल्या थोड्यांना.

१९०५ साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, तिथं जुनी चिमणी राखली आहे. चिमणीचा धूर कुठल्या खात्यासाठी निघायचा, भोंगा कितीला व्हायचा, हे तिथं येणाऱ्या मुलांना कुणी सांगत नाही. गिरणगावातच वाढलेल्या जयंत पवारांनी आपल्या कथासंग्रहाचं नाव ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ असं ठेवलं. २०१२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पवारांचं ‘अधांतर’ नाटक आणि मीना मेनन-नीरा आडारकर यांनी शंभर जणांच्या तोंडी आठवणींतून उभा केलेला २००४चा ग्रंथ, ही गिरणगावाची खरी दप्तरं. भूतकथेत ज्यांना नाव नाही ती माणसं इथं आपापल्या आवाजात बोलतात.

निकाल

भूतकथा निरुपद्रवी असतात, त्यांच्यामागं कशाला लागायचं, असं काही मित्र म्हणाले. याचं उत्तर कमला मिलच्या आवारात आहे. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री तिथल्या गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली आणि १४ जण गेले. बरेचसे गुदमरून, प्रसाधनगृहात अडकून. जुन्या गिरणीच्या आवारात रात्री भीती वाटावी अशा गोष्टी खरोखरच आहेत. ज्वालाग्राही छत, सामानानं अडवलेला जिना, कागदावरच असलेली बाहेर पडायची वाट. तेव्हा अशा जागी जेवायला गेलात तर जिन्यावर बाई दिसते का हे बघण्याआधी दुसरा जिना कुठं आहे ते बघा.

माझा निकाल साधा आहे. मला मिळालेल्या प्रत्येक भूतकथेचा खुलासा पत्रा, वारा, पक्षी, झोप आणि कान यांत मिळाला किंवा चित्रीकरणाच्या युनिटमध्ये मिळाला. या गोष्टी वाढतात त्या जागेबद्दल कुणाला काही माहीत नसल्यामुळं. जिथं कामगाराची नोंद पुसली गेली तिथंच पांढऱ्या साडीला जागा मिळाली.

ही नोंद अजून करता येण्यासारखी आहे. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. तो लालबागेत, काळाचौकीत, डोंबिवली-विरारला मुलाकडं किंवा कणकवली-साताऱ्याच्या घरी असेल. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी असा कुणी असेल तर या दिवाळीत फराळाला बसल्यावर विचारा : कुठली गिरणी, कुठलं खातं, कुठली पाळी, बदली कार्ड कुणी दिलं, शेजारच्या मागावर कोण होतं. मोबाइल समोर ठेवा, तारीख सांगा आणि रेकॉर्डिंग सुरू करा.